नातवाचं हेलिकॉप्टर आणि शेपटीची मोटर



या वेळी मी लिहिणार आहे एका खेळण्याविषयी. खेळणं म्हटलं की माझा नातू रागावतो. तो म्हणतो, "सबा, हे खेळणं नाही, खरा मसोक आहे, फक्त लहान." मसोक म्हणजे हेलिकॉप्टर, हे इथल्या मुलांना सांगायला नको, पण आमच्या वयाच्या मंडळींना कदाचित लागेल. आम्ही मुंबईत हेलिकॉप्टर फक्त आकाशात पाहिलं होतं. ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं पडेल आणि त्यापायी मला नातवाची माफी मागावी लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

नातू आता चौदा वर्षांचा आहे. बार मित्झ्वाच्या वेळी जे पैसे मिळाले, त्यातल्या काही पैशांनी त्याने शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाकडून वापरलेलं रिमोट कंट्रोलचं हेलिकॉप्टर घेतलं. वरचा पंखा सुमारे अर्धा मीटर रुंद. पोटात एक मोटर, ती वरचा पंखा फिरवते. मागे लांब दांडा, दांड्याच्या टोकाला आणखी एक छोटी मोटर आणि तिच्यावर आडवा छोटा पंखा. आजचा लेख या छोट्या मोटरबद्दल आहे.

मुलांनो, आधी ही छोटी मोटर कशाला लागते ते बघा. गोल फिरणाऱ्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसा आणि हातातली जड पिशवी जोरात एका बाजूला फिरवा. खुर्ची उलट्या बाजूला फिरेल. हेलिकॉप्टरचंही तसंच. वरचा पंखा एका बाजूला फिरतो, तर खालचं अंग उलट बाजूला फिरायला बघतं. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. अंगाचं हे फिरणं थांबवायला शेपटीचा पंखा बाजूने जोर लावतो. इगोर सिकोर्स्कीचं व्हीएस-300 हे हेलिकॉप्टर 14 सप्टेंबर 1939 रोजी दोराने बांधलेल्या स्थितीत पहिल्यांदा जमिनीवरून उचललं गेलं. पुढे त्यात पुष्कळ फेरबदल झाले आणि शेवटी शेपटीकडे एकच छोटा पंखा राहिला. आज जी हेलिकॉप्टरं आपण बघतो, त्यातली बरीचशी त्याच पद्धतीची आहेत.

मोठ्या हेलिकॉप्टरात शेपटीचा पंखा मुख्य इंजिनावरच चालतो. मधे लांब शाफ्ट असतो. लहान, स्वस्त मॉडेलमध्ये एवढी भानगड परवडत नाही, म्हणून शेपटीला वेगळी मोटर देतात. त्यात जायरो नावाचा एक भाग असतो. अंग जरा वळलं की त्याला कळतं, आणि तो शेपटीच्या मोटरला सांगतो, जोर वाढव किंवा कमी कर. ही मोटर उड्डाणभर एक क्षण विसावत नाही. म्हणूनच ती आधी जळते.

नातवाची पहिली मोटर तीन आठवड्यांत गेली. तो आत आला आणि म्हणाला, "सबा, शेपटीचा मोटर जळला." मी म्हटलं, मोटर जळली म्हणायचं. तो म्हणाला, "जळली तर जळली, पण आता काय?" मी हसलो. पंचवीस शेकेलची मोटर, तशीच दुसरी आणून बसवली. ती बारा दिवसांत गेली. ती जायच्या आधी काही दिवस नातू सांगत होता की उड्डाणाच्या शेवटी शेपूट एका बाजूला पळते, आणि खाली उतरल्यावर मोटरला बोट लावता येत नाही. मी ते ऐकलं, पण कान दिला नाही.

तिसऱ्या वेळी मी माझं शहाणपण चालवलं. माझ्याकडे एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात तुटक्या टेपरेकॉर्डरच्या, प्रिंटरच्या, मुलांच्या गाड्यांच्या मोटरी आहेत. त्यातली एक दणकट मोटर काढली. नातू म्हणाला, "सबा, ही जास्त करंट घेईल ना? बोर्डाला चालेल?" मी म्हटलं, "अरे, चाळीस वर्षं मी मोटरीच बघितल्या. लहान मोटर जळते, तर मोठी लावायची." त्याने आणखी काही विचारलं नाही. आपल्यात मोठ्यांशी हुज्जत घालू नये असं शिकवलेलं आहे, आणि त्याच्या आईने ते चांगलं शिकवलंय.

हेलिकॉप्टर वर गेलं, शेपूट खिळल्यासारखी स्थिर, मी खूष. एका मिनिटात जळका वास आला. या वेळी मोटर शाबूत होती. जो इलेक्ट्रॉनिक बोर्ड शेपटीच्या मोटरला वीज सोडतो, त्याचा ट्रान्झिस्टर जळाला होता. मोठ्या मोटरने ओढलेला करंट त्याला सोसला नाही. बोर्डाची किंमत दोनशेवीस शेकेल. पोराने एक शब्द काढला नाही. हेलिकॉप्टर उचललं, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तो रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला आठवला 1965 सालचा परळचा एक दिवस. मी सतरा वर्षांचा, एका कापडगिरणीत वायरमनच्या हाताखाली उमेदवार. एका खात्यातला फ्यूज दर दोन दिवसांनी उडायचा. मिस्त्री नव्हते, म्हणून मी हुशारी केली. फ्यूजमध्ये एकाच्या जागी जाड तार घातली. दोन दिवस फ्यूज उडला नाही. तिसऱ्या दिवशी मोटरचं वाइंडिंगच जळलं. मिस्त्री मला ओरडले नाहीत. जळकी मोटर माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "फ्यूज वारंवार उडतो म्हणजे तो तुला काही सांगतोय. जाड तार घातलीस म्हणजे तू त्याचं तोंड बंद केलंस." मशीनचं बेअरिंग घट्ट झालं होतं. लोड वाढला होता, म्हणून फ्यूज उडत होता. ती गोष्ट मी पुढे कितीतरी पोरांना सांगितली. 1974 साली इथे आल्यावर कारखान्यातसुद्धा मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगितली. आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी, स्वतःच्या नातवाच्या हेलिकॉप्टरात, पुन्हा जाड तार घालून बसलो.

सकाळी मी त्याचं दार वाजवलं. म्हटलं, "माझी चूक झाली. तू विचारलं होतंस आणि मी ऐकलं नाही. बोर्डाचे पैसे माझे." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बेसेदर. बोर्ड तुझा, मोटर माझी. पण सबा, या वेळी आधी मोजायचं." मी म्हटलं, बेसेदर.

मोजायला काटा हवा. आमच्या घरात एक काटा आहे, त्यावर माझी बायको मलिद्याचे पोहे आणि खोबरं मोजायची. ती गेल्यापासून तो वरच्या फळीवर होता. तो काढून पुसला आणि हेलिकॉप्टर त्यावर ठेवलं. माहितीपत्रकात उड्डाणाचं वजन 300 ग्रॅम लिहिलं होतं. काट्यावर आलं 362. बासष्ट ग्रॅम कुठून आले? नातवाने जास्त वेळ उडावं म्हणून मोठी बॅटरी लावली होती. प्लास्टिकचे भाग काढून शोभेचे धातूचे भाग बसवले होते. आणि शिकाऊ माणसासाठी खाली ज्या आडव्या काड्या आणि चेंडू लावतात, ते काढलेच नव्हते, जरी त्याला आता उतरवता येत होतं.

वजन पाचव्या हिश्शाने वाढलं. वरच्या पंख्याला तेवढा जास्त जोर लावावा लागतो, म्हणून अंगाला उलटा पीळही तेवढाच जास्त बसतो, आणि तो सगळा शेपटीच्या मोटरला थोपवावा लागतो. आता वीजेचा हिशोब बघा. करंट 20 टक्के वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता 20 टक्के वाढत नाही, 44 टक्के वाढते, कारण उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे चालते. 1.2 गुणिले 1.2 म्हणजे 1.44. नातवाने हे वहीत करून बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे मोटर वाईट नव्हती. आपण तिला मारलं." मी म्हटलं, हो, दोघांनी मिळून.

दुसरं मोजमाप शेपटीच्या जोराचं. बोर्ड जळालेला, म्हणून मुख्य पंख्याची पाती काढून ठेवली (मुलांनो, हे आधी, नेहमी), हेलिकॉप्टर आडवं करून पोळपाटाला बांधलं, आणि पोळपाट काट्यावर. काटा शून्यावर आणला. शेपटीचा पंखा असा ठेवला की हवा वर फेकली जाईल आणि जोर काट्यावर खाली येईल. मग जुन्या जातीची नवी मोटर मल्टिमीटरमधून थेट बॅटरीला जोडली. सुरुवातीला काटा 54 ग्रॅम दाखवत होता. दोन मिनिटांनी 45. बॅटरी थोडी उतरली होती, पण मुख्य कारण मोटर तापली हे होतं. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, लोहचुंबकही तापला की ढिला पडतो. उड्डाणाच्या शेवटी शेपूट का पळत होती, ते आम्हाला टेबलावर दिसलं.

आता निवड करायची. कागदावर चार रकाने आखले. ज्या घरात असलं हेलिकॉप्टर आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहितो.

पहिला मार्ग: होती तशीच ब्रशवाली मोटर, पंखा थेट तिच्या शाफ्टवर. स्वस्त, हलकी, बदलायला सोपी. वजन कमी करून मूळ 300 ग्रॅमवर आलं तर ही बऱ्यापैकी टिकते. पण आत कार्बनचे किंवा धातूचे ब्रश घासत असतात, म्हणजे कधीतरी संपणारच.

दुसरा मार्ग: तीच मोटर, पण मधे दातेरी चाकं घालून मोठा पंखा हळू फिरवायचा. मोठा पंखा जास्त हवा सावकाश ढकलतो, म्हणून तेवढ्याच जोराला कमी वीज लागते. तोटा हा की शेपूट जमिनीला आपटली की दाते तुटतात, आणि नवशिक्याची शेपूट आपटतेच.

तिसरा मार्ग: दोन छोट्या मोटरी शेजारी शेजारी. प्रत्येकीवर अर्धा भार, दोघी थंड. कल्पना मला फार आवडली. पण बोर्डाला दोघींचा मिळून करंट सोसायला हवा, आणि शेपटीच्या टोकाला वजन वाढतं. टोकाचं वजन वाईट. 10 ग्रॅमची मोटर मध्यापासून 27 सेंटिमीटर मागे लावली, तर 90 ग्रॅमची बॅटरी 3 सेंटिमीटर पुढे सरकवावी लागते, तेव्हा तराजू समतोल राहतो. 10 गुणिले 27 आणि 90 गुणिले 3, दोन्हीकडे 270. आमच्या हेलिकॉप्टरात पुढे एवढी जागाच नव्हती.

चौथा मार्ग: ब्रशलेस मोटर. आत ब्रश नाहीत, म्हणून घासणं नाही, झीज फक्त बेअरिंगची. तेवढ्याच वजनात जास्त जोर. पण तिला स्वतःचा स्पीड कंट्रोलर लागतो आणि त्याला जुळणारा जायरो लागतो. खर्च जास्त. जुना बोर्ड चांगला असता तर आम्ही तिकडे वळलो नसतो. पण बोर्ड तर मीच जाळला होता, नवं काहीतरी घ्यायचंच होतं.

पाचवा मार्ग फक्त चर्चेला घेतला: शेपटीला मोटरच नको, मुख्य मोटरवरून पट्टा किंवा शाफ्ट न्यायचा आणि शेपटीच्या पात्यांचा कोन बदलायचा. पंख्याचा वेग कमीजास्त करायला वेळ लागतो, पात्याचा कोन चटकन बदलतो. म्हणून मोठ्या आणि कसरती करणाऱ्या मॉडेलला हाच मार्ग चांगला. आमच्या मशीनला तो बसवणं म्हणजे नवं हेलिकॉप्टर घेणं.

नातू ब्रशलेसच्या बाजूचा, मी दोन मोटरींच्या. पण कागदावर हिशोब समोर होता. मीच म्हटलं, तुझं बरोबर आहे.

सामान आलं. नातवाने ब्रशलेस मोटर माझ्या हातात दिली. मी बघितलं तर तीन वायरी. मी विचारलं, "उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या ना?" त्याने डोळे मोठे केले. "सबा, तुला कसं माहीत?" अरे, कसं माहीत! गिरणीतल्या माझ्या सगळ्या मोटरी तीन फेजच्या. कुठलीही दोन टोकं बदलली की चाक उलटं. ही चिमुकली मोटर त्यांच्याच नात्यातली. फरक एवढाच की तिथे वीज तारेतूनच तीन फेजची यायची, आणि इथे तो बोटभर कंट्रोलर बॅटरीच्या साध्या विजेतून तीन फेज तयार करतो. त्या दिवसापर्यंत पोराला वाटत होतं की आजोबांचं शिक्षण फक्त जुन्या जगाचं आहे. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

कंट्रोलर शेपटीकडे न लावता मधल्या सांगाड्यावर लावला, म्हणजे टोकाला वजन फक्त मोटरचं. तिथपर्यंत नेण्यासाठी माझ्या डब्यातून वाइंडिंगची बारीक इनॅमलची तांब्याची तार काढली आणि तीन तारा दांड्याला चिकटवत नेल्या. टोकांचं इनॅमल खरवडलं. सोल्डर करताना माझा हात थरथरतो, म्हणून सोल्डर त्याने केलं आणि मी दिवा धरला. कंट्रोलर हेलिकॉप्टरसाठीच्या सेटिंगवर ठेवला. त्यात मोटर सावकाश सुरू होण्याची सोय असते, ती बंद केली. शेपटीला सावकाशी चालत नाही. शेवटी जायरोची दिशा बघितली. हेलिकॉप्टर हातात धरून वळवलं, तर शेपटीच्या पंख्याने वळण्याच्या विरुद्ध जोर लावला पाहिजे. इथे चूक झाली तर मशीन वर जाताच भोवऱ्यासारखं फिरतं. बॅटरी पुन्हा जुनी लहान. काड्या आणि चेंडू काढले. शोभेचे धातूचे भाग नातवाने स्वतः काढले, मी सांगितलं नाही. काट्यावर 309 ग्रॅम.

अश्दोदला उन्हाळ्यात दुपारी समुद्राचा वारा सुटतो, म्हणून सुट्टीतल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही बागेच्या मोकळ्या जागेत गेलो. हेलिकॉप्टर गुडघ्याइतकं वर गेलं. शेपूट डावी-उजवी भराभर हलायला लागली. जायरो फार उतावळा होता. खाली घेतलं, त्याचा जोर थोडा कमी केला, पुन्हा वर. या वेळी शेपूट स्थिर राहिली. सात मिनिटं. उतरल्यावर नातवाने मोटरवर बोट ठेवलं आणि मोजायला लागला, मराठीत: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दहापर्यंत मोजलं. मराठी आकडे त्याला दहापर्यंतच येतात, पण त्या दिवशी तेवढे पुरले.

ती मोटर त्या शुक्रवारपासून अजून चालते आहे. आता तर कारखान्यातूनच शेपटीला ब्रशलेस मोटर असलेली छोटी हेलिकॉप्टरं येतात, त्यांना ही खटपट लागत नाही. मोठ्या माणसांनीही हा विचार सुरू केला आहे. अमेरिकेच्या बेल कंपनीने 2020 साली आपल्या 429 हेलिकॉप्टरवरचा एक प्रयोग दाखवला, त्यात शेपटीला एका पंख्याऐवजी विजेच्या मोटरींवर चालणारे चार पंखे होते. नातवाने मला ते चित्र दाखवलं आणि म्हणाला, "बघ सबा, यांनी तुझी दोन मोटरींची कल्पना घेतली." मी म्हटलं, त्यांच्याकडे पुढे बॅटरी सरकवायला जागा असेल.

मुलांनो, मोटर निवडताना आधी किंमत बघू नका आणि आधी ताकदही बघू नका. आधी बघा की तिच्यावर भार किती आहे आणि तो कुणी टाकला. माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगतो: नातवंडांनी काही विचारलं तर मिस्त्रीपणा जरा बाजूला ठेवून ऐका. आपल्याला जे येतं ते वाया जात नाही, तीन वायरी कुठे ना कुठे निघतातच. पण जाड तार घालू नका.

काटा आता वरच्या फळीवर नाही. टेबलावरच असतो.